डागावरचं फुलपाखरू

चिनी मातीच्या जुन्या बशीवर फुलांचा गुच्छ असतो आणि गुच्छापासून जरा लांब, कडेला कुठेतरी एक फुलपाखरू बसलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, काय नजर आहे चित्रकाराची! फूल इथे, पाखरू तिथे, मधे कशी छान हवा खेळते आहे. वाटू द्यावं. खरी गोष्ट अशी की पुष्कळदा त्या पाखराच्या पोटाखाली एक काळा डाग असतो. बशी भट्टीतून डाग घेऊनच निघालेली असते, ती फेकून देणं जिवावर येतं, म्हणून कुणीतरी त्या डागावर पंख काढतं. ही युक्ती फार जुनी आहे. राजेरजवाड्यांच्या टेबलांवरही अशी पाखरं डाग झाकत बसून राहिली असणार आणि बड्या मंडळींनी त्यांचं कौतुक करत जेवण उरकलं असणार.

असली पाखरं काढण्यात जिचा जन्म गेला तिची ही गोष्ट. कारखान्यात तिला सगळे पाखरूबाई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या वेळी तेवढं ऐकू यायचं, आणि तेव्हाही ती पटकन ओ द्यायची नाही.

ती आली होती फुलं शिकायला. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर रंगकामाची लांबलचक खोली होती. एका बाजूला ओळीने खिडक्या, खिडक्यांखाली टेबलं. चांगल्या उजेडाची टेबलं फुलं काढणाऱ्या बायकांची. त्यांत पहिला मान गुलाबताईचा. गुलाबताईचा गुलाब बघून माणूस नकळत नाक पुढे करी. नवीन आलेल्या या मुलीच्या पाकळ्या मात्र फार पातळ निघायच्या. मुख्य कारागिराने दोन आठवडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, या पाकळ्या नाहीत, हे पंख आहेत." त्याने तिला उचलून दाराजवळच्या शेवटच्या टेबलावर बसवलं, डाग पडलेल्या बशांची चळत पुढ्यात ठेवली आणि सांगितलं, "यावर काहीतरी बसव." ते काहीतरी बसवण्यात तिचे केस पांढरे झाले.

सुरुवातीला ती फार रडली. फुलवाल्या बायका खिडकीशी आणि आपण दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का खात. पण हळूहळू तिला त्या कामाची गोडी लागली. डाग बघून पाखरू ठरायचं. दोन डाग जवळजवळ असले की फुलपाखरू. एक डाग पोटात, दुसरा पंखावरच्या डोळ्यात. लांबट ओरखडा असला की चतुर. टाचणीच्या टोकाएवढा असला की लाल पाठीचा बारका किडा. आणि तीन-चार डाग विखुरलेले असले की पाखरूबाई खूश, कारण मग आख्खं कुटुंब बसवता यायचं. सकाळी ट्रे आला की ती आधी रंगाला हात लावायची नाही. बशी खिडकीकडे धरायची, तिरकी करायची, डाग शोधायची आणि डाग सापडला की त्याच्याकडे बघून हसायची. बघणाऱ्याला वाटायचं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही.

गुलाबताईशी तिचं रोज वाजायचं. कारण गुच्छ काढायची जागा ठरलेली, आणि डाग तर कुणाला विचारून पडत नाही.

"माझ्या गुलाबाच्या नाकावर हा भुंगा कशाला आणून ठेवलास?" गुलाबताई बशी घेऊन दारापर्यंत यायची.

"मी नाही ठेवला, ताई. तो आपला आपण येऊन बसला होता. मी फक्त त्याला पाय दिले."

"पाय दिलेस ते दिलेस, मिशा कशाला दिल्यास?"

"बिनमिशांचा भुंगा तुमच्या गुलाबाला शोभला असता का?"

यावर गुलाबताईला हसू यायचं आणि हसू आलं म्हणून राग यायचा. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती. तिच्या गुलाबांवर आयुष्यभर काय काय बसलं त्याला गणती नाही.

या डागांचा धनी तळमजल्यावर होता. एकदा भाजलेलं कोरडं भांडं झिलईच्या दुधट पाण्यात बुडवायचं, मनगटाला झटका देऊन बाहेर काढायचं आणि मांडणीवर वाळत ठेवायचं, हे त्याचं काम. पुढे भट्टीत त्या पाण्याची काच होते आणि भांडं चकाकतं. हात त्याचा उत्तम होता. पण झिलईत पाणी पडायचं ते गंजलेल्या लोखंडी नळातून. गंजाचा कण डोळ्यालाही दिसणार नाही एवढा, पण भट्टीत गेला की तो असा फुलायचा की पांढऱ्याशुभ्र बशीवर काळा ठिपका. नळ बदला म्हणून त्याने थोरल्या मालकांच्या हजार विनवण्या केल्या. थोरले मालक म्हणायचे, "वर पाखरूबाई आहे ना!" दोष नळाचा आणि नाव झालं याचं. सगळा कारखाना त्याला डागोबा म्हणू लागला.

या दोघांचं जुळलं तेही डागावरूनच. एका सकाळी इतक्या डागी बशा वर आल्या की पाखरूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती एक बशी घेऊन धाडधाड जिना उतरली. "कोण आहे तो? झिलई लावता की मिरपूड पेरता?" कोपरापर्यंत पांढरे हात घेऊन एक शेलाटा माणूस समोर उभा राहिला. भांडला नाही. तिच्या हातातली बशी घेतली, उजेडात धरली आणि अगदी पडेल आवाजात म्हणाला, "यातला एक जरी डाग मी मुद्दाम पाडला असेल ना, तर माझे हात झडोत." तिला एवढं वाईट वाटलं की ती आल्या पावली परत गेली आणि त्या दिवशी तिने आयुष्यातली सगळ्यात देखणी फुलपाखरं काढली. वर्ष व्हायच्या आत त्यांचं लग्न झालं. कारखान्याला तर आयतंच कोलीत मिळालं. "नवरा घाण करतो, बायको झाकते," म्हणून लोक पोट धरून हसायचे.

पाखरूबाईही हसायची. तो हसायचा नाही. घरी तो इतका टापटीप होता की चहाच्या कपाचा गोल उमटला तरी फडकं घेऊन धावायचा. त्यांच्या दोन खोल्यांत धूळ म्हणून नव्हती. कोणी दारातून "डागोबा आहेत का?" अशी हाक मारली की तो हातातलं काम सोडून आत जाऊन बसायचा. पाखरूबाई म्हणायची, "अहो, थट्टा करतात लोक. मनाला काय लावून घ्यायचं?" तो म्हणायचा, "तुला पाखरू म्हणतात आणि मला डाग. तुला काय जातंय?" हे तिने ऐकलं पुष्कळदा, पण मनावर कधी घेतलं नाही. लेक मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली, तरी नवऱ्याचं हे दुखणं तसंच राहिलं आणि बायकोचं हसणंही.

मग थोरले मालक गेले आणि धाकटे मालक आले. धाकटे शिकून आले होते आणि स्वभावाने भले होते. त्यांनी पहिल्या महिन्यातच जुना नळ उपटून मागच्या अंगणात फेकला, नवा नळ घातला, झिलईच्या वाटेत बारीक चाळण्या आणि लोहचुंबक बसवले. पहिली भट्टी उघडली तेव्हा पाखरूबाईचा नवरा समोर उभा होता. एकेक बशी काढून तो बघत गेला. एकही डाग नाही. त्याला काही सुचेना. त्याने भट्टीवाल्याला मिठी मारली, पांढऱ्या हातांसकट.

त्या संध्याकाळी तो एक बशी घरी घेऊन आला. "शोध," म्हणाला. "तुझी नजर पक्की ना? शोधून दाखव डाग." तिने भिंग लावून बघितलं. चष्मा काढून बघितलं. डाग नव्हता. बशी एवढी स्वच्छ होती की तिच्यात दिव्याचा गोल दिसत होता. त्याचं तोंड लहान मुलासारखं फुललेलं. तिलाही आनंद झाला, खोटं कशाला बोला. नवऱ्याचा आनंद कोणत्या बायकोला नको असतो? फक्त रात्रीची भांडी घासताना तिने ती बशी उगाचच पुन्हा एकदा दिव्याकडे तिरकी करून बघितली.

कारखान्यातली हाक बदलली. कुणी ठरवलं नव्हतं, पण डागोबा हळूहळू मागे पडला आणि सगळे त्याला काका म्हणू लागले. काका आता मान वर करून चालायचे. दुपारच्या डब्याला कोपऱ्यात न बसता मधोमध बसायचे. निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. पण पाखरूबाईला वाटायचं, हा माणूस आत्ता कुठे कामाला लागलाय.

आणि वर, दाराजवळच्या टेबलावर, ट्रे रिकामे येऊ लागले. सकाळी जुन्या मालातल्या चार बशा, मग दोन, मग एखादी. पाखरूबाई कुंचले धुवायची, पुसायची, पुन्हा धुवायची. गुलाबताई म्हणाली, "आता गं कसं?" पाखरूबाई म्हणाली, "आराम." पण चेहरा काही आरामातला नव्हता.

तेवढ्यात एक ऑर्डर आली. एका मोठ्या हॉटेलाला जुन्या नमुन्याची भांडी हवी होती, गुच्छ आणि फुलपाखरं असलेली. धाकटे मालक स्वतः जिना चढून आले. "मावशी, तुमचे दिवस परत आले. शनिवारी त्यांची माणसं येणार आहेत. सहा बशा नमुन्याला करून द्या. आता तर काय, डागांची कटकट नाही. हवं तिथे बसवा फुलपाखरू."

"हवं तिथे?"

"हवं तिथे. तुमची मर्जी." मग ते जरा घुटमळले. "नाही जमलं तर छापील चित्रं मागवू. ती पाण्यात भिजवून चिकटवता येतात. तुमचीही सोय करू, पॅकिंगला माणसं कमीच आहेत. पण जमेल तुम्हाला."

पॅकिंग म्हणजे तळघर. कागद, पेंढा आणि खोकी. तिथे खिडकी नव्हती.

गुलाबताईने सहा स्वच्छ बशांवर गुच्छ काढून पाठवले. पाखरूबाईने पहिली बशी उचलली, खिडकीकडे धरली, तिरकी केली आणि सवयीने डाग शोधू लागली. डाग नव्हता. तिने कुंचला रंगात बुडवला आणि हात तसाच वर राहिला. कुठे? एवढं मोठं पांढरं रान, त्यात पाखराने कुठे बसायचं? तिने मधे काढलं. ते शिक्का मारल्यासारखं दिसायला लागलं. पुसून टाकलं. कडेला काढलं, ते खाली पडतंय असं वाटलं. पुसलं. फुलाजवळ काढलं, ते फुलाला चिकटवलेलं दिसलं. संध्याकाळपर्यंत तिचं फडकं रंगाने भिजलं आणि सहाही बशा सकाळी होत्या तशाच राहिल्या.

"अगं, कुठेही बसव की!" गुलाबताई म्हणाली.

"कुठेही म्हणजे कुठे, ताई?"

गुलाबताईला आयुष्यात हा प्रश्न पडला नव्हता. तिच्या गुलाबाची जागा कायम ठरलेली.

दुसऱ्या दिवशी पाखरूबाईने डोळे मिटून बशीवर बोट टेकवलं. बोट दर वेळी त्याच जागी जाई. मग तिने चिमूटभर चहापूड बशीवर टाकली. पूड छान विखुरली, पण फुंकर मारली की उडून जातो तो डाग कसला? हाताला ते पटेना. हात म्हणे, हे खोटं आहे. इतकी वर्षं ज्या हाताने कधी कुरकुर केली नाही तो हात ऐन वेळी असा अडून बसला. तिला मनातून फार भीती वाटली. आपल्याला फुलपाखरू काढता येतं असं आपण समजत होतो. आपल्याला फक्त डाग झाकता येतात, असं तिच्या मनाने घेतलं. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. तो तर घरी येऊन म्हणत होता, "आता तुला मोकळं रान करून दिलंय बघ मी."

आणि मग तिने ते केलं. मी तिची बाजू घेणार नाही, पण ती वाईट बाई नव्हती हेही सांगून ठेवतो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत झिलईची खोली रिकामी असते. पाखरूबाई मागच्या अंगणात गेली. जुना नळ गवतात पडला होता. तिने कुंचल्याच्या दांड्याने त्याच्या तोंडाचा गंज खरवडला, चिमूटभर कागदावर घेतला आणि आत आली. मांडणीवर नवऱ्याने नुकत्याच बुडवलेल्या बशा वाळत होत्या. तिला हव्या होत्या सहा. तिने कोरड्या कुंचल्यावर गंज घेतला आणि सहा बशांवर हलक्या हाताने टिचकी मारली. बस्स, एवढंच. पण ती रंगवणारी, झिलईवाली नव्हे. गंजाची पूड किती हलकी असते आणि आगीत तिचा एकेक कण केवढा होतो, हे तिच्या नवऱ्याला माहीत होतं, तिला नव्हतं. दार उघडं होतं. वाऱ्याची एक झुळूक आली, कागदावरची उरलेली पूड उडाली आणि सगळ्या मांडणीवर पसरली. तिला वाटलं, चिमूटभर तर होती. ती जिना चढून गेली.

गुरुवारी भट्टी उघडली. सगळ्या बशांना देवी आल्यासारखं झालं होतं. एकसुद्धा बशी सुटली नव्हती. मग मागून कुणीतरी, बहुधा थट्टेनेच, म्हणालं, "आले बरं का, डागोबा परत आले!" आणि सगळे हसले.

वर ट्रे आला तेव्हा पाखरूबाईने तोंड फिरवलं. पण हात, तो मेला हात, आनंदाने धावला. गुलाबताईने सहा डागी बशांवर भरभर गुच्छ काढून दिले आणि पाखरूबाई बसली. इथे दोन डाग, बस बाई तू. इथे ओरखडा, ये रे चतुरा. तिला कुठेही थांबावं लागलं नाही. "तुझा हात परत आला गं," गुलाबताई म्हणाली. शनिवारी हॉटेलची माणसं आली आणि बशा हातात घेऊन बघतच राहिली. त्यांतल्या एका बाईने फुलपाखराला बोट लावायला जाऊन बोट मागे घेतलं. धाकटे मालक खूश झाले. पाखरूबाईचं टेबल वाचलं.

पण घरी माणूस जेवत नव्हता. गुरुवारपासून त्याने चाळण्या सोडवून, धुऊन, उजेडात धरून तपासल्या होत्या. चुंबक पुसले होते. नळाचं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळून बघितलं होतं. कुठे काही सापडलं नाही. ज्याला बाहेर काही सापडत नाही तो माणूस शेवटी स्वतःतच शोधतो. रविवारी सकाळी चहाचा कप पुढ्यात घेऊन तो बसला होता. कपाखाली गोल उमटला होता आणि त्याने तो पुसला नव्हता.

"उद्या मालकांना सांगणार आहे," तो म्हणाला. "नवीन माणूस बघा म्हणावं. मला आता दिसत नाही, लक्षात राहत नाही. त्या दिवशी चाळणी लावायची मी विसरलो असणार."

"तुम्ही आणि चाळणी विसराल?"

"मग डाग आले कुठून?"

पाखरूबाईने कबुलीच्या अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन बघितलं. माणूस असंच करतो. "बाहेरून कुणी काही टाकलं असेल."

"कोण टाकेल? माझा कोण वैरी आहे तिथे?" आणि तो हसल्यासारखं करून म्हणाला, "नाही गं. तो नळ म्हणे वाईट होता. आता नळ नवा आहे. म्हणजे लोक म्हणत होते तेच खरं. माझा हातच डागाळ."

हे ऐकलं आणि तिला बसवेना. आयुष्यभर ज्या नावाला ती हसत आली ते नाव या माणसाने आज स्वतः स्वतःला दिलं होतं.

"मी टाकलं," ती म्हणाली.

"काय?"

"गंज. जुन्या नळाचा. मंगळवारी दुपारी. मला डागाशिवाय फुलपाखरू बसवता येत नाही हो. खूप बघितलं करून. मला सहाच बशा हव्या होत्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. "कोरडा टाकलास की पाण्यातून?"

"कोरडा. कुंचल्याने."

"दार उघडं होतं?"

"हो."

"म्हणजे चाळणी लावलेली होती," तो म्हणाला. "चाळणी लावलेली होती!" आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला की तिला रडू फुटलं. तो उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आला. तेवढ्यात बाकीचं सगळं त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण परत आला तेव्हा तो उजेड गेला होता.

"गुरुवारी मला हसत होते तेव्हा तू जिन्यात होतीस," तो म्हणाला. "मी बघितलं होतं तुला."

तिने त्याचा कप उचलला आणि खालचा गोल पुसून टाकला. त्या दिवशी तो तिच्याशी आणखी एक शब्दही बोलला नाही, आणि एवढ्याशा घरात न बोलणाऱ्या माणसाला चुकवायला जागा नसते.

सोमवारी ती त्याच्या आधी कारखान्यात गेली. मालकांच्या केबिनमध्ये गेली नाही. मालकांनाच झिलईच्या खोलीत बोलावून आणलं. "सगळ्यांसमोर हसले होते, सगळ्यांसमोरच सांगते," म्हणाली. भट्टीवाले, झिलईवाले, वरून उतरलेली गुलाबताई, सगळे जमले. नवरा हात पुसत कोपऱ्यात उभा. तिने काय केलं ते सरळ सांगितलं. कशासाठी केलं तेही सांगितलं. कुणीतरी फिसकन हसलं. पण गुलाबताईने मागे वळून असं काही बघितलं की हसणाऱ्याची वाचाच बसली.

धाकटे मालक आधी संतापले. एक आख्खी भट्टी वाया गेली होती. संतापायचा त्यांना हक्क होता. पण ते शनिवारच्या बशा विसरले नव्हते. ते म्हणाले, "मावशी, चूक ती चूकच. पण त्या लोकांना तुमचीच फुलपाखरं हवी आहेत. ते म्हणाले, ही जिवंत वाटतात." मग ते कोपऱ्याकडे वळले. "काका, एक विचारू? या ऑर्डरपुरते, तुमच्याच हाताने, मोजके डाग टाकता येतील का? बुडवताना कण सोडायचा. मावशी त्यांच्या टेबलावर राहतील, आणि तुमची निवृत्ती होईपर्यंत दोघांचंही निभेल."

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. पाखरूबाईने नवऱ्याकडे बघितलं. त्याने फडकं खांद्यावर टाकलं. समोरच्या मांडणीवर सकाळी बुडवलेल्या बशा होत्या, पांढऱ्या, एकसारख्या. त्याने त्यांच्यावरून एकदा नजर फिरवली, मग तिच्याकडे बघितलं आणि घसा खाकरला. इतक्या वर्षांचा संसार. ते खाकरणं तिला पाठ होतं.

"नको, साहेब," ती म्हणाली. "त्यांच्या हातून आता डाग नको. छापील चित्रं मागवा. मी पॅकिंगला जाते."

"मावशी, विचार करा."

"केला."

तिने वर जाऊन कुंचले पुसले आणि गुलाबताईच्या टेबलावर ठेवले. गुलाबताई म्हणाली, "मी याचं काय करू?" आणि मग तिने ते आपल्या डब्यात ठेवून घेतले. दुपारपर्यंत पाखरूबाई तळघरात होती. पेंढा नाकात जात होता. खोक्यात बशा रचताना ती सवयीने प्रत्येक बशी दिव्यापाशी तिरकी करून बघत होती आणि मग कागदात गुंडाळत होती.

सुट्टी झाल्यावर नवरा फाटकापाशी उभा होता. दोघं निघाली. तिसऱ्या वळणावर त्याने तिच्या हातातली डब्याची पिशवी काढून घेतली.

"मी हो म्हणणार होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर आधी बोलले."